वर्डीमावशी आणि न धुतलेले मोजे

आमच्या कोल्ड फोर्कच्या खोऱ्यात सूर्य उशिरा उगवतो आणि लवकर मावळतो, कारण दोन्ही बाजूंना डोंगर खांद्याला खांदा लावून उभे आहेत. सपाट जमीन अशी एवढीच, की तिच्यात एक नदी, एक रेल्वेचा रूळ आणि एक बेसबॉलचं मैदान मावावं. घरांना जागा उरली नाही, म्हणून घरं उतारावर टेकवली. आमच्या लोकांनी आधी कशाला जागा दिली, ते यावरून समजून घ्या.

मैदानाच्या उजव्या कुंपणापलीकडचा उतार माझा. तिथं मी मका लावतो आणि मक्याच्या ताटांवर घेवडा चढवतो. माझ्या घेवड्यासारखा घेवडा या खोऱ्यात दुसऱ्या कुणाचा होत नाही, हे मी सांगायला नको, लोकच सांगतात. वर्डीमावशी माझ्याकडूनच शेंगा घ्यायची. म्हणून ही गोष्ट सांगायचा हक्क माझा.

वर्डी स्टॅलर्ड. सगळं गाव तिला मावशी म्हणायचं. तिच्याहून मोठी माणसंही म्हणायची, एक शर्ड न्हावी सोडून. अंगानं काटकुळी, हात मात्र पुरुषासारखे रुंद. नवरा एल्बर्ट खाणीत गेला. त्याचं जाणं असं झालं, की सकाळी घरातून निघून तो पुलापर्यंत पोचला आणि जेवणाचा डबा विसरला म्हणून परत फिरला. खाणीवर निघालेल्या माणसानं मागं फिरू नये, हे आमच्याकडं पाळण्यातल्या पोराला कळतं. मावशीनं दारातूनच ओरडून सांगितलं, "पुढं हो, मी डबा पाठवते!" तो हसला, आत आला, डबा घेऊन गेला. दुपारी छत खाली आलं. त्यानंतर नशिबाच्या गोष्टींत मावशीशी कुणी वाद घातला नाही. घालणार कसा?

एकुलती लेक ओनिटा लग्न करून ओहायोत डेटनला गेली. आमची निम्मी तरुण पोरं तिकडच्या कारखान्यांतच जातात. घर रिकामं झालं, तशी मावशीनं हॉर्नेट्सचे खेळाडू राहायला ठेवायला सुरुवात केली. हॉर्नेट्स म्हणजे आमचा संघ. पगार घेऊन खेळणारी पोरं, पण पगार असा की हॉटेलात राहायचं नाव काढू नये. तिच्याकडं तीन-चार जण असत. पहाटे मक्याचा पाव, तळलेली सफरचंदं, ताक. संध्याकाळी डुकराच्या मांसाचा तुकडा टाकून शिजवलेला घेवडा. इतकी वर्षं तिनं हे केलं, पण मैदानात कधी पाऊल टाकलं नव्हतं. म्हणायची, "तिकडं टाळ्या वाजवायला बसले तर इकडं चुलीवर कोण बसेल? तुम्ही?"

ही गोष्ट पन्नास सालची. पेपरात रोज कोरियातलं युद्ध असायचं, पण शर्ड न्हाव्याच्या दुकानात विषय एकच, हॉर्नेट्स यंदा किती खाली जाणार. जूनमध्ये आम्ही तळाला होतो. आमच्याहून खाली फक्त नदी होती.

तेव्हा मावशीकडं लिओ वोयचिक नावाचा डावखुरा पिचर राहत होता. पेनसिल्व्हेनियातल्या खाणकामगाराचा पोरगा, लांबडा, मिशी फुटायला आलेला. चेंडू टाकताना त्याचा हात कुठून येतो ते फलंदाजाला दिसायचं नाही आणि चेंडू कुठं जाईल ते लिओला कळायचं नाही. एका दुपारी तो हातमोजा घरीच विसरून मैदानावर पोचला. मॅनेजर हॉबर्ट क्रम्प म्हणाला, "मग पळ की घरी! बघतोस काय?" लिओ जागचा हलेना. तोही खाणकामगाराचाच पोरगा. "परत फिरणार नाही. बापानं शिकवलंय."

इकडं मावशीला स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर हातमोजा दिसला. तिच्या मनात काय आलं असेल ते मी सांगायला नको. पोरगा परत फिरायच्या आत तिनं हातमोजा काखेत मारला आणि शेंगांचं टोपलं मांडीवरून उचललं तसं हातातच ठेवून ती एप्रनसकट मैदानाकडं धावली. हातमोजा दिला, धाप लागली म्हणून खेळाडूंच्या बाकामागच्या फळीवर टेकली, आणि हात रिकामे राहीनात म्हणून शेंगांच्या शिरा काढून सुईदोऱ्यात ओवू लागली. आमच्याकडं शेंगा अशा माळा करून वाळवतात, हिवाळ्यासाठी.

लिओनं त्या दिवशी समोरच्या संघाला एकही धाव दिली नाही.

हॉबर्टचा अशा जुळून आलेल्या गोष्टींवर फार विश्वास. दुसऱ्या दिवशी तो टोपी हातात घेऊन मावशीच्या ओसरीवर.

"मावशी, आज पण याल का?"

"कशाला? आज कोण काय विसरलंय?"

"कुणी नाही. तुम्ही फक्त बसा. तिथंच. आणि ते टोपलं आणा."

"वेडा आहेस का, हॉबर्ट?"

"तळाला असलेल्या संघाचा मॅनेजर आहे, मावशी. वेगळं काय असणार?"

ती गेली. आम्ही जिंकलो. तिसऱ्या दिवशीही तेच. मग ते सुरू झालं.

त्या उन्हाळ्यात जे झालं ते आमच्या खोऱ्यात परत झालं नाही. आमच्या तिसऱ्या बेसवरच्या गड्यानं मारलेला चेंडू कुंपणावरून थेट चालत्या मालगाडीत कोळशाच्या ढिगावर पडला आणि गाडीबरोबर समुद्राकडं गेला. शर्ड न्हावी सांगत सुटला की असा लांबचा होमरन अमेरिकेत कुणी मारलेला नाही, अजून थांबलेला नाही तो. एकदा नदीवरून धुकं आलं आणि डावीकडचा खेळाडू त्यात पार दिसेनासा झाला. चेंडू धुक्यात गेला, थोड्या वेळानं खेळाडू चेंडू घेऊन बाहेर आला. पंचानं विचारलं, "झेललास?" तो म्हणाला, "आईशप्पथ." पंचाला आई होती. त्यानं बाद दिलं.

आणि प्रत्येक दिवशी त्या फळीवर मावशी. जिंकत असताना काहीही बदलायचं नाही, हा बेसबॉलचा कायदा. हॉबर्टनं शर्ट बदलला नाही. लिओनं मोजे धुतले नाहीत. ते मोजे रात्री खिडकीबाहेर टांगावे लागत, कारण खोलीत दुसरीही माणसं होती. मावशीचा एप्रन तोच, फळी तीच, टोपलं तेच. एकदा पावसाची सर आली तर कुणीतरी तिच्यावर छत्री धरायला गेलं, हॉबर्ट बाकावरून ओरडला, "छत्री बंद कर! पहिल्या दिवशी छत्री नव्हती!" मावशी भिजत शेंगा ओवत राहिली. माझा पहिला घेवडा संपत आला तेव्हा शर्ड माझ्या शेतात येऊन दुसऱ्या पेरणीचे वेल मोजून गेला. माझ्या शेंगांना इतका मान आधी मिळाला नव्हता, पुढंही नाही.

पण खरा मान मावशीचा. ती फाटकातून आत आली की माणसं उठून उभी राहत. खाणीचे साहेब आणि त्यांच्या बायकाही वाट देत. बाई जन्मभर दुसऱ्यांची ताटं उचलत आली. तिच्यासाठी कुणी उठलं नव्हतं. ती मान खाली घालून फळीपर्यंत जायची, पण मी कुंपणाजवळून बघायचो. ऑगस्टपर्यंत तिची चाल बदलली होती. तिला ते आवडत होतं. का आवडू नये?

लीगमध्ये घरच्या मैदानावर सलग विजयांचा विक्रम विसाचा होता. एका गुरुवारी आम्ही विसावर पोचलो. शुक्रवारी सुट्टी, आणि शनिवारी घरच्या मैदानावर हार्पर्स गॅपशी सामना. जिंकलो तर विक्रम आमचा. वर मोठ्या संघाचा एक माणूस लिओला बघायला येणार होता. त्यानं लिओला पसंत करून संघात घेतलं असतं, तर त्याला खाण परत बघावी लागली नसती.

त्याच गुरुवारी औषधांच्या दुकानात फोन आला. गावात लोकांचे निरोप त्याच फोनवर येत. डेटनहून जावई बोलत होता. ओनिटाचे दिवस भरत आलेले. पाय सुजलेत, डॉक्टरनं अंथरुणावरून उठू नको म्हटलंय, कधीही होईल. "ती दुसरं काही बोलतच नाही," जावई म्हणाला. "आई कधी येणार, एवढंच."

दोन वर्षांपूर्वी ओनिटाचं पहिलं बाळ जन्मतानाच गेलं होतं. तेव्हा मावशीचं घर खेळाडूंनी भरलेलं होतं, तिला जाता आलं नव्हतं. ती त्याबद्दल बोलायची नाही. आम्हीही विचारायचो नाही.

फोन ठेवून मावशी घरी पोचेपर्यंत बातमी तिच्या आधी पोचली होती. संध्याकाळी ओसरीवर माणसं जमली. मी शेंगांचं पोतं घेऊन आलो होतो, तो तिथंच अडकलो.

हॉबर्ट पायरीवर बसला. "मावशी, शनिवार. फक्त शनिवार. रविवारी मी स्वतः तुम्हाला गाडीनं डेटनला सोडतो."

"बाळ काय रविवारची वाट बघेल, हॉबर्ट?"

"पहिलटकरणीसारखंच असतं हे. वेळ लागतो."

"तुला काय माहीत? तू कधी बाळंत झालास?"

माणसं हसली. मावशी हसली नाही. मग शर्ड न्हावी बोलला. तो मावशीच्या बरोबरीचा, शाळेत एका बाकावर बसलेला. त्याच्या मनात वाईट नव्हतं, हे मी आजही म्हणतो. पण तोंडातून निघालं ते निघालं.

"वर्डी, जायचं तर जा. तुला कोण अडवणार? पण एक सांगतो. इतकं चढलेलं नशीब आपल्या हातानं मोडायचं, तर ते कुठं पडेल ते सांगता येत नाही. आपल्यावर पडेल, पोरांवर पडेल... आणखी कुणावर पडेल."

ओनिटाचं नाव कुणी घेतलं नव्हतं, पण ते तिथं येऊन बसलं. मावशीच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. डबा घ्यायला मागं फिरलेला एल्बर्ट माझ्या डोळ्यांपुढं आला. तिलाही दिसत असणार.

"रविवारी जाईन," ती म्हणाली आणि आत गेली.

हॉबर्टनं सुटकेचा श्वास सोडला. माणसं पांगली. मी पोतं ओसरीवर टेकवलं, तर जिन्याच्या तोंडाशी लिओ उभा. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"शर्डकाका बोलला ते खरं का हो?" त्यानं मला विचारलं. "मोडलं की पडतं?"

"तुझा बाप काय म्हणायचा?"

"तेच म्हणायचा. जो मोडेल त्याच्यावर पडतं." तो थोडा वेळ दाराकडं बघत राहिला. "जो मोडेल त्याच्यावर," असं परत म्हणाला आणि वर गेला.

शुक्रवारी मावशीनं घर घासून काढलं. दोनदा औषधांच्या दुकानात जाऊन आली, फोन आला का विचारायला. आला नव्हता. तिनं लेकीकडं जायला बॅग भरली आणि परत उपसली. आम्ही रस्त्यावरून बघत होतो. कुणाला हसू येत नव्हतं, पण कुणी तिला जा असंही म्हटलं नाही. मीही नाही. विक्रम सगळ्यांना हवा होता.

शनिवारी सकाळी धुकं उतरायच्या आधी मी पावासाठी मक्याचं पीठ द्यायला मावशीकडं गेलो. ती पुढच्या अंगणात उभी होती, हात कमरेवर, नजर दोरीवर. दोरीवर मोजे वाळत होते. पांढरे. ते पांढरे आहेत हे आम्हाला जूनपासून ठाऊक नव्हतं. त्यांच्यातून पाणी ठिबकत होतं. रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही दिसतील असे, मुद्दाम रस्त्याच्या बाजूला टांगलेले.

लिओ पायरीवर अनवाणी बसला होता. हात साबणानं सुरकुतलेले.

"हे काय केलंस रे?" मावशीचा आवाज इतका बारीक, की मला वाटलं दुसरंच कुणी बोललं.

"धुतले."

"आज? आजच्या दिवशी?"

"मोडायचं ते मी मोडलं, मावशी. आता जे पडायचं ते माझ्यावर. तुमचा काही संबंध राहिला नाही. तुम्ही बसलात काय, नाही बसलात काय, सारखंच."

"अरे पण तो माणूस तुला बघायला येणार..."

"येऊ दे. स्वच्छ मोजे बघेल." तो उठला. "बस साडेआठला आहे. बॅग कुठंय?"

मी त्या पोराकडं बघत होतो. काही माणसं या गोष्टींना हसतात. अशा माणसानं मोजे धुतले असते, तर ते पाण्यात मोजे बुचकळणं झालं असतं. लिओ हसणारा नव्हता. पिचरच्या टेकाडावर जाताना तो चुन्याच्या रेषेवर पाय देत नसे. सामन्याआधी गळ्यातलं क्रॉसचं पदक तीनदा ओठांना लावत असे. त्यानं आपल्या हातानं आपलंच छत खाली ओढलं होतं.

मावशीनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. त्या रुंद हातात त्याचं तोंड पूर्ण मावलं. मग ती आत गेली आणि बाहेर आली ती टोपी घालून. बॅग लिओनं उचलली. मी टोपलंभर शेंगा दिल्या, डेटनमध्ये माझ्यासारखा घेवडा कुठून मिळणार.

बस येईपर्यंत हॉबर्ट धावत पोचला. "मावशी! असं काय करताय! रविवारी म्हणाला होतात ना!"

"मोजे बघून ये," मावशी म्हणाली आणि बसमध्ये चढली.

दुपारी मैदान माणसांनी फुटायला आलं होतं. बाकामागची ती फळी मोकळी राहिली. उभं राहायला जागा नव्हती तरी तिच्यावर कुणी बसलं नाही. मोज्यांची बातमी सगळीकडं झालेली. लिओ टेकाडावर गेला तसा शर्ड ओरडला, "अरे कारट्या, आजच स्वच्छतेचा झटका आला का तुला? रविवारी चर्चला जाताना धुवायचे!"

बाकावरून हॉबर्टनं विचारलं, "का धुतलेस? एवढंच सांग. का?"

"वास येत होता," लिओ म्हणाला.

गवती टोपी घातलेला तो पाहुणा जाळीमागं बसला होता. लिओनं चेंडू चांगला टाकला, हे मी शपथेवर सांगतो. आठव्या डावापर्यंत आम्ही एका धावेनं पुढं होतो. मग त्यानं दोघांना वाकडे चेंडू टाकून फुकट बेस दिला, आणि हार्पर्स गॅपच्या एका जाड्या गड्यानं चेंडू माझ्या मक्यात मारला. मी तो शोधायला गेलो नाही. पाहुणा शेवटचा डाव बघायला थांबला नाही. आम्ही हरलो, विजय वीस ते वीसच राहिले.

माणसं चिडून घरी गेली, पण एक लक्षात घ्या. त्या दिवशी, त्या रात्री आणि नंतरही कोल्ड फोर्कमध्ये कुणी वर्डीमावशीचं नाव घेतलं नाही. सगळा राग मोज्यांवर. न्हाव्याच्या दुकानात लिओ गेला तर शर्डनं त्याला सांगितलं, "केस मी कापतो, बाकीचं तूच धुवत जा." लिओनं मान डोलावली. खरं काय ते त्याला आणि मला ठाऊक होतं. त्यानं कुणाला सांगितलं नाही, तर मी कोण सांगणारा?

रविवारी डेटनहून काही बातमी आली नाही. सोमवारी दुपारी औषधांच्या दुकानात गर्दी होती, कारण खेळाडूंचा सराव आटोपलेला आणि सगळ्यांना थंड सोडा हवा होता. हॉबर्ट होता, शर्ड होता, मी होतो. फोन वाजला. दुकानदारानं उचलला, ऐकलं आणि हात लांब केला. "लिओ. डेटनहून. तुलाच बोलावतायत."

लिओनं फोन कानाला लावला. तार इतकी करकरत होती आणि मावशी इतकी मोठ्यानं बोलत होती, की आम्हाला निम्मं ऐकू येत होतं.

"लिओ? तूच ना? ऐक. पडलं नाही काही. ऐकतोस ना? कुणावर काही पडलं नाही."

लिओ म्हणाला, "मावशी, आम्ही हरलो."

"ठाऊक आहे रे. पेपरात बघितलं. ते काही पडणं नव्हे. जेवतोस का नीट? चुलीकडं कोण बघतंय?"

"जेवतोय."

"खोटं बोलू नकोस. ताक खालच्या फडताळात आहे." मग तिकडं काहीतरी रडलं. बारीक, चिडलेलं, सतत. मावशी म्हणाली, "ऐकलंस? हे असं कालपासून. हिच्या आईला डोळा लागू देत नाही. ठेवते मी."

लिओनं फोन जागेवर टांगला आणि आमच्याकडं पाठ करून उभा राहिला. शर्ड न्हाव्यानं स्टुलावरून उतरून टोपी काढली, परत घातली.

"मुलगी?" त्यानं शेवटी विचारलं.

"मुलगी."

"आणि ओनिटा?"

"जागी आहे," लिओ म्हणाला, आणि डोळे पुसत हसायला लागला. "दोघी जाग्या आहेत."

शर्डनं दुकानदाराला सांगून आपल्या शेजारच्या स्टुलापुढं एक सोडा ठेवायला लावला. "बस रे इकडं," तो लिओला म्हणाला. "उभा काय राहतोस?"